वासावरून पारखलेलं सोनं

पितळेचा तांब्या घासून झाला की हाताला वास राहतो. तो निव्वळ धातूचा नसतो. त्वचेवरचा तेलकटपणा आणि तांबं यांच्या रासायनिक क्रियेतून तो तयार होतो. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांना मात्र असा वास ही धातूच्या थोरवीची खूण वाटे.

हिस्पॅनिओला बेटावर (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) नद्यांच्या वाळूत सोनं सापडे. ताइनो भाषेत ते 'काओना'. ते वेचायला निघण्याआधी लोक उपास करत, ब्रह्मचर्य पाळत. मिळालेलं सोनं ठोकून त्याचा पत्रा करत, वितळवत नसत. पण त्याहून जास्त मान होता 'ग्वानिन'ला. हा सोनं, तांबं आणि चांदीचा तांबूस मिश्रधातू. तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून, होड्यांतून हातोहात बेटांवर येई. त्याचं पदक गळ्यात घालायचा मान कासिकाचा, म्हणजे प्रमुखाचा.

कोलंबसने ग्वानिनचे नमुने स्पेनला तपासायला पाठवले. 32 भागांत 18 सोनं, 8 तांबं आणि 6 चांदी निघाली. आपल्या सराफाच्या हिशेबात साडेतेरा कॅरेट, म्हणजे 'हिणकस'. पण हीण कशाला म्हणायचं? सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं 1085 ला. योग्य प्रमाणात एकत्र केले की दोन्हींपेक्षा कमी तापमानाला वितळतात, ओतकाम सोपं होतं आणि वस्तू जास्त टणक होते. वर तो तांबूस रंग आणि वास, जो शुद्ध सोन्याला नसतोच.

म्हणून स्पॅनिश लोकांचं पितळ हाती येताच ताइनोंनी ते हुंगून पाहिलं आणि त्याला नाव दिलं 'तुरेय', आकाश. क्यूबात एल चोरो दे माइता इथल्या थडग्यांत पितळेच्या बारीक नळ्या मिळाल्या आहेत. युरोपात त्या कपड्यांच्या नाड्यांच्या टोकांना बसवत. इथे त्या मृतांच्या अंगावर दागिने होऊन गेल्या. सोनं देऊन पितळ घेणाऱ्या या माणसांना भोळं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची कसोटी निराळी होती आणि तिच्यावर हा व्यवहार चोख होता.

1495 मध्ये कोलंबसने सिबाओ प्रांतातल्या 14 वर्षांवरच्या प्रत्येकावर कर बसवला: दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातलं घुंगरू भरेल एवढं सोनं. ज्याने भरलं, त्याला पावती म्हणून गळ्यात घालायला तांब्याचा किंवा पितळेचा बिल्ला मिळे.