जीटीए ६ आपल्या पीसीवर चालेल का? या प्रश्नामागची पंचवीस वर्षे

जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो या गेम-मालिकेतला नवा भाग) पीसीवर चालवायला काय लागेल, याची अधिकृत यादी अजून निघालेलीच नाही. रॉकस्टार गेम्सने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी आहे. आधी २०२५, मग २६ मे २०२६ असे करत ती इथवर सरकली. पीसीचे नाव त्या घोषणेत नाही. तेव्हा 'किमान इतकी रॅम, अमुक ग्राफिक्स कार्ड' असे छातीठोक सांगणारे जे तक्ते फिरताहेत, ते कुणाचे तरी अंदाज आहेत आणि वर 'ऑफिशियल' असा शिक्का मारलेला आहे. त्यांच्या भरवशावर मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठून कार्ड घेऊन येणे म्हणजे निव्वळ घाई.

अंदाज बांधायचाच असेल तर या मालिकेचा पीसीवरचा इतिहास भरपूर काही सांगतो. पहिली गोष्ट वाट पाहण्याची. जीटीए ३ प्लेस्टेशन २ वर ऑक्टोबर २००१ मध्ये आला, पीसीवर मे २००२ मध्ये. व्हाइस सिटी ऑक्टोबर २००२ आणि मे २००३. सॅन अँड्रियास ऑक्टोबर २००४ आणि जून २००५. जीटीए ४ एप्रिल आणि डिसेंबर २००८. जीटीए ५ ला मात्र सप्टेंबर २०१३ पासून एप्रिल २०१५ पर्यंत, म्हणजे एकोणीस महिने लागले. याच कंपनीचा रेड डेड रिडेम्प्शन २ वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर उतरला. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: प्रत्येक वेळी पीसीचा वेगळाच भाग कमी पडला. मागच्या गेमला जे पुरले नाही ते वाढवून लोक तयार राहिले आणि नवा गेम भलतीकडेच अडला.

व्हाइस सिटीच्या काळापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि घरोघरीच्या असेंबल केलेल्या पीसींवर या मालिकेचे नाव झाले ते त्याच गेममुळे. प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर जेमतेम २९४ मेगाहर्ट्‌झचा, मुख्य मेमरी ३२ एमबी. तरी जीटीए ३ च्या पीसी खोक्यावर ४५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम ३, ९६ एमबी रॅम आणि १६ एमबीचे कार्ड मागितले होते. व्हाइस सिटीने ते ८०० मेगाहर्ट्‌झ, १२८ एमबी आणि ३२ एमबीवर नेले. कन्सोलला जे कमीत भागते ते पीसीला का भागत नाही? कारण कन्सोलचा गेम एकाच ठरलेल्या यंत्रासाठी घासूनपुसून लिहिलेला असतो. पीसीवर मध्ये विंडोज बसते, ड्रायव्हर बसतो, आणि शेकडो प्रकारच्या कार्डांना पुरून उरेल असा कोड लिहावा लागतो.

त्या खोक्यावरची एक ओळ फार थोड्यांनी वाचली असेल. जीटीए ३ ला डिस्कवर ५०० एमबी जागा हवी, व्हाइस सिटीला ९१५ एमबी. पण तुमचे कार्ड 'टेक्स्चर कॉम्प्रेशन' जाणत नसेल तर वर आणखी ६३५ एमबी. भिंती, रस्ते, गाड्या यांवर चढवलेली चित्रे दाबून ठेवली तर कमी जागेत मावतात. पण ती उलगडण्याचे काम कार्डानेच करायचे असते. ज्या कार्डाला ते जमत नाही त्याच्यासाठी उलगडलेल्या प्रती डिस्कवर लागतात. एखाद्या क्षमतेच्या अभावाची किंमत एमबीत मोजून खोक्यावर छापण्याचा असा प्रामाणिकपणा पुढे क्वचितच दिसला.

आपल्याकडे मात्र घोडे दुसरीकडेच पेंड खात होते. बहुतेक घरांत वेगळे कार्ड नव्हतेच, मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर काम चाले. त्याला स्वतःची मेमरी नसते, ती मुख्य रॅममधून कापली जाते. १२८ एमबीतून ३२ डिस्प्लेला दिले की गेम आणि विंडोज एक्सपी मिळून उरतात ९६. खोक्यावर १२८ होते, मशिनमध्येही १२८ होते, तरी गाडी पुलावर आली की चित्र थबकायचे ते यामुळे. आजही ऑनबोर्ड ग्राफिक्सवर खेळणाऱ्याने हीच वजाबाकी करावी: ८ जीबीची रॅम गेमच्या वाट्याला ८ जीबी कधीच येत नाही.

सॅन अँड्रियासच्या यादीत १ गिगाहर्ट्‌झ, २५६ एमबी आणि जीफोर्स ३ च्या तोडीचे ६४ एमबीचे कार्ड होते. इथे नावाची फसगत सुरू होते. बाजारात तेव्हा जीफोर्स ४ एमएक्स स्वस्तात मिळे. चार हा आकडा तीनपेक्षा मोठा म्हणून लोक घेत. ती चिप मुळात जीफोर्स २ च्या घराण्यातली होती आणि जीफोर्स ३ मध्ये असलेले प्रोग्रॅम करता येणारे शेडर (प्रकाश, सावल्या, पृष्ठभाग रंगवणारे भाग) तिच्यात नव्हतेच. आज हीच गंमत आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आणि ८ जीबी प्रकारांत आहे. फरक नुसता दोन जीबीचा नाही, ६ जीबीवाल्यात चिपचाही कमी भाग चालू असतो. लॅपटॉपवरच्या ३०६० चे आणि डेस्कटॉपवरच्या ३०६० चे नाव एकच, काम एकसारखे नाही.

मग आला जीटीए ४, आणि खरा दणका त्याने दिला. तो मुळात एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठी बेतलेला. एक्सबॉक्स ३६० मध्ये ३.२ गिगाहर्ट्‌झचे तीन कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, होते. पीसीच्या यादीत किमान १.८ गिगाहर्ट्‌झचा कोअर २ ड्युओ लिहिला, पण शिफारस होती ती कोअर २ क्वाडची किंवा तीन कोअरच्या फिनॉम एक्स३ ची. त्या यादीत तीन कोअरचा प्रोसेसर दिसणे हा योगायोग वाटत नाही. लोकांनी मात्र सवयीने ग्राफिक्स कार्डावर पैसे घातले आणि दोन कोअरचा प्रोसेसर तसाच ठेवला. महागडे कार्ड बसवूनही गेम रडतखडत चाले. रिझोल्यूशन १६८० वरून १०२४ वर आणले तरी सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम तेवढ्याच. हीच यातली सगळ्यात सोपी चाचणी आहे आणि ती आजही चालते: रिझोल्यूशन उतरवूनही वेग वाढला नाही तर कार्ड निर्दोष आहे, अडतेय ते प्रोसेसरपाशी. तेव्हा 'व्ह्यू डिस्टन्स' आणि 'व्हेइकल डेन्सिटी' या दोन पट्ट्या खाली ओढल्या की फरक पडे, कारण रस्त्यावर किती गाड्या आणि किती लांबपर्यंतचे शहर सांभाळायचे, हा हिशेब प्रोसेसर करतो.

त्यात भर म्हणजे हा गेम कार्डाची मेमरी मोजून पर्यायच बंद करून टाकायचा. २५६ एमबीच्या कार्डाला चांगली टेक्स्चर्स निवडताच येत नसत. त्यावरचा उतारा असा की गेमच्या फोल्डरमध्ये 'कमांडलाइन' नावाची टेक्स्ट फाइल करायची आणि तीत 'नोरिस्ट्रिक्शन्स' हा शब्द आधी वजाचे चिन्ह लावून लिहायचा. कुलूप उघडे, पण मेमरी काही वाढत नसे. मेमरी भरून वाहू लागली की चित्र दर दोन वळणांनी गचके खाई. सोबत मायक्रोसॉफ्टची 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह' ही सेवा सक्तीची होती. ती पुढे अशी मोडकळीला आली की जानेवारी २०२० मध्ये गेम स्टीमच्या विक्रीतून काढावा लागला आणि मार्चमध्ये त्या सेवेशिवाय परत आणावा लागला.

इतके पोळल्यावर जीटीए ५ साठी लोक दणकट प्रोसेसर घेऊन बसले, आणि या वेळी प्रोसेसरने काहीच मागितले नाही. पीसीची आवृत्ती प्लेस्टेशन ४ च्या पिढीवरून आली. त्या कन्सोलचे आठ कोअर होते खरे, पण १.६ गिगाहर्ट्‌झचे आणि मुळात मवाळ. म्हणून २०१५ च्या यादीत किमान म्हणून २००७ चा कोअर २ क्वाड क्यू६६०० चालला आणि शिफारस साध्या आय५-३४७० ची होती. किमान ४ जीबी रॅम, ९८०० जीटी कार्ड, ६५ जीबी डिस्क. अडले ते कार्डाच्या मेमरीपाशी. ग्राफिक्सच्या मेन्यूत वर एक पट्टी असते; जितके पर्याय वाढवाल तितकी ती भरत जाते. शिफारशीत जीटीएक्स ६६० होते, २ जीबीचे. टेक्स्चर्स 'व्हेरी हाय' आणि एमएसएए (कडांचे दातेरीपण घालवणारा पर्याय) चारपट केले की पट्टी लाल. मर्यादा झुगारण्याचा पर्यायही मेन्यूतच दिला आहे, पण मग जास्तीचा माल मुख्य रॅममधून ये-जा करतो आणि वेगात गाडी चालवताना पुढचा रस्ता उशिरा उमटतो. शहरात सुरळीत चालणारा गेम डोंगराकडे गेल्यावर धापा टाकत असेल तर 'ग्रास क्वालिटी' एक पायरी खाली आणावी. गवत हा त्या गेममधला सगळ्यात खादाड पदार्थ आहे.

याच गेमने आणखी एक गोष्ट शिकवली. ऑनलाइन भाग उघडायला कित्येकांना पाच-सहा मिनिटे लागत आणि त्यासाठी लोकांनी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घेतल्या, रॅम वाढवली. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने कोडची चिरफाड करून दाखवले की साधारण १० एमबीची वस्तूंची यादी वाचताना गेम प्रत्येक नोंदीसाठी उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी पुन्हा मोजत होता. त्याच्या दुरुस्तीने वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने ते मान्य करून अपडेट काढले आणि त्याला १० हजार डॉलर दिले. तोवर हार्डवेअरवर घातलेले पैसे बरेचसे पाण्यात गेले होते.

रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये रॉकस्टारच्या गेमांमागच्या त्याच रेज इंजिनाची, म्हणजे पायाभूत सॉफ्टवेअरची, पुढची पायरी दिसली: १५० जीबी जागा, किमान आय५-२५००के आणि जीटीएक्स ७७०, शिफारस जीटीएक्स १०६० ची. यादीत चार कोअरचा प्रोसेसर चालतो असे लिहिले होते, प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यांत चार आणि सहा कोअरची काही मशिन्स मध्येच गोठत. चारही कोअर गेमने शंभर टक्के व्यापले की विंडोज आणि ड्रायव्हरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. रॉकस्टारने आधी तात्पुरता कमांडलाइन उपाय दिला, मग अपडेट. यादीतला 'किमान' हा शब्द लाँचच्या दिवशी किती पातळ असतो, ते यावरून दिसते.

मार्च २०२५ मध्ये जीटीए ५ ची 'एनहान्स्ड' आवृत्ती पीसीवर आली. आज अंदाज बांधायला यासारखा दुवा नाही. गेम तोच, पण किमान आय७-४७७०, ४ जीबीचे जीटीएक्स १६३०, आणि १०५ जीबी जागा, तीही एसएसडीवर. शिफारस रायझेन ५ ३६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० एक्सटी. २०१३ च्या गेमची ही शिफारस असेल तर जीटीए ६ तिच्या खाली येईल असे मानायला काही आधार नाही.

जीटीए ६ ज्या यंत्रांवर घडतोय ती अशी: प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीच्या झेन २ पिढीचे आठ कोअर, १६ जीबी सामाईक मेमरी, सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणे) येणारी ग्राफिक्स चिप. सिरीज एसमध्ये प्रोसेसर जवळपास तोच, मेमरी १० जीबी, ग्राफिक्स बरेच अशक्त. सिरीज एसवर गेम चालवायचाच असल्याने ग्राफिक्सची तळरेषा फार वर जाणार नाही, ही स्वस्त कार्डवाल्यांसाठी दिलाशाची बाजू. प्रोसेसर आणि डिस्कला मात्र ती सवलत नाही, कारण त्या दोन्ही गोष्टी सगळ्या कन्सोलांत दमदार आहेत. या वेळी दगा देणारा भाग कोणता, यावर पैज लावायची तर ती जुन्या चार कोअरच्या आय५ वर आणि हार्ड डिस्कवर लावावी. तिसरा धोका रे ट्रेसिंग सक्तीचे असण्याचा. डिसेंबर २०२४ च्या इंडियाना जोन्सच्या गेमने तसे केलेच: किमान कार्ड आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६००. ११ जीबीचे जीटीएक्स १०८० टीआय ताकदीने कमी नसूनही तिथे बाद झाले, कारण त्यात रे ट्रेसिंगचे सर्किटच नाही.

आपल्या मशिनचा हिशेब आत्ताच करून ठेवता येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'वर जा. डिस्कच्या नावाखाली एचडीडी (हार्ड डिस्क) दिसतेय की एसएसडी ते पाहा. 'जीपीयू'मध्ये फक्त 'डेडिकेटेड' मेमरीचा आकडा धरा, 'शेअर्ड' सोडून द्या. 'मेमरी'मध्ये 'स्लॉट्स यूज्ड' बघा: १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ती सिंगल चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालतेय, आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा मोठा फटका बसतो, ८ च्या दोन पट्ट्या बऱ्या. नवे कार्ड घेणार असाल तर कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) आठ पिनची वायर आहे का, हे झाकण उघडून डोळ्यांनी बघा. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॅट ओढते.

शेवटची अडचण वेगाची नाहीच. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय हे फसवणूकरोधक सॉफ्टवेअर लागते, आणि २०२५ च्या बॅटलफील्ड ६ ने तर सिक्युअर बूट (मशिन सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय दारातच घेतले नाही. जीटीए ६ ने तोच मार्ग धरला तर जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेली, एरवी चांगली मशिन्स अडतील. विंडोज आणि आर दाबून 'एमएसइन्फो३२' लिहा. 'बायोस मोड'पुढे 'लेगसी' आले तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन थेट यूईएफआय ही नवी सुरू होण्याची पद्धत निवडली तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजमधल्या 'एमबीआर२जीपीटी' या कमांडने डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायची, मग बायोसमध्ये सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारा पर्याय) बंद, मग सिक्युअर बूट चालू, याच क्रमाने. आणि पहिल्या पायरीआधी फोटो, प्रोजेक्ट, पगाराच्या स्लिपा जे काही त्या डिस्कवर असेल ते दुसरीकडे उतरवून घ्यायचे.