नागपूरचं तापमान आणि तुमचा बॅरल ट्यूनर
(५० मीटर पॉइंट टू-टू रायफल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

ट्यूनर म्हणजे बॅरलच्या तोंडाशी बसवलेलं, फिरवून आत-बाहेर सरकवता येणारं वजन. जानेवारीत सकाळी १० अंशांवर जमवलेला ट्यूनर मे महिन्यात ४५ अंशांवर तसाच चालेल, असं धरून चालू नका. मात्र पारा चढला की लगेच ट्यूनर फिरवायचा, हेही चूकच.

आधी टार्गेट बघा. ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) गोलच आहे, फक्त अख्खा वर किंवा खाली सरकलाय? मग रिअर साइटचे क्लिक द्या, ट्यूनरला हात लावू नका. आडवा पसरला असेल तर आधी वारा आणि मिराज (तापलेल्या हवेची लहर) तपासा. उभा लांबला तरच पुढचं वाचा.

उष्णतेत काडतुसातली दारू जोरात जळते आणि गोळीचा वेग वाढतो. थंडीत गोळीवरचं मेण कडक होतं. सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेग असलेल्या गोळीत ३ मीटरचा फरक पडला, तरी ५० मीटरवर ती साधारण २ मिलिमीटर वर-खाली लागते. दशांश गुणांत हा जवळपास पाव गुण. मझल (बॅरलचं तोंड) वर उचलली जात असताना वेगवान गोळी आधी आणि संथ गोळी किंचित नंतर सुटली, की हा फरक बराचसा भरून निघतो. ट्यूनर साधतो ती एवढीच वेळ.

सेटिंग बदलण्याआधी ट्यूनर बॅरलवर आवळून धरणारा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प तपासा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. २२ मिलिमीटरच्या बॅरलवर ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.००७ मिलिमीटर ढिलाई येते. डिसेंबरात आवळलेला स्क्रू मे महिन्यात सैल पडतो आणि ग्रुप बिघडला की दोष मात्र सेटिंगला दिला जातो. स्टॉकचे बोल्टही कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आहेत का, पाहून घ्या.

आता सेटिंग. ट्यूनरला हात लावताना दर वेळी बोल्ट उघडा, चेंबर रिकामं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) आत. काडतुसं एकाच लॉटची (एकाच वेळी बनलेल्या खेपेची), अर्धा तास सावलीत ठेवलेली. गाडीच्या डॅशबोर्डवरची नकोत. बॅरल बसायला १० राउंड मारा. मग ट्यूनरवरच्या दर ५ खुणांवर ५-५ राउंड मारून फक्त ग्रुपची उंची मोजा. एकच सर्वात छोटा ग्रुप बघून भुलू नका, तो योगायोगही असतो. शेजारच्या दोन-तीन सेटिंगांवर उंची कमी राहते, त्या पट्ट्याचा मध्य धरा आणि १० राउंडांनी खात्री करा. आट्यांत थोडा खेळ असतो, म्हणून खुणेवर नेहमी एकाच दिशेने या. पुढे गेलात तर मागे जाऊन परत या.

तापमान साधारण १० अंशांनी बदललं, की आजूबाजूच्या २-२ खुणा तपासल्या तरी बहुधा पुरतं. उन्हाळ्यात बाहेर, हिवाळ्यात आत असा सरसकट नियम नाही. बॅरल, ट्यूनरचं वजन आणि लॉट यांवर ते ठरतं. लॉट बदलला तर पहिल्यापासून सुरुवात. वहीत खूण, लॉट आणि तापमान एकाच ओळीत लिहा.

एक सवय मोडा: तापलेल्या बॅरलमध्ये राउंड भरून वाऱ्याची वाट बघत बसणं. तो राउंड आतच गरम होतो आणि वेगळ्या वेगाने सुटतो.

आमच्याकडे सेटिंगला येताना त्याच लॉटचे १०० राउंड, तुमची वही आणि मूळ परवाना सोबत आणावा.