दुर्बिणीची बैठक : कोकण किनाऱ्यावरील निवड

दुर्बिणीची नळी ज्या यंत्रणेवर बसवलेली असते आणि जी तिला दोन अक्षांभोवती फिरवून हव्या त्या ताऱ्यावर स्थिर धरते, त्या यंत्रणेला बैठक किंवा माउंट म्हणतात. नवा निरीक्षक बहुधा सगळा पैसा आरशाच्या व्यासावर घालतो. पण छायाचित्रण करायचे असेल तर बैठकीवर नळीपेक्षा अधिक खर्च झाला तरी तो योग्यच ठरतो, कारण बैठक डळमळत असेल तर उत्तम नळीतूनही तारे ओघळल्यासारखे उमटतात.

क्षितिजीय बैठक दिगंश (क्षितिजाला समांतर, आडवी) आणि उन्नतांश (वर-खाली, उंचीची) या दोन दिशांत फिरते. डॉब्सन पद्धतीची लाकडी बैठक याच प्रकारची असून छायाचित्रे न घेता दुर्बिणीतून नुसते पाहण्यासाठी तिच्याइतकी सोपी आणि स्वस्त दुसरी नाही. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. त्यामुळे 23 तास 56 मिनिटांत एक फेरा घेणारी एकच मोटर ताऱ्याचा पाठलाग करू शकते.

क्षितिजीय बैठकीला मोटर जोडली तरी चित्राचे क्षेत्र केंद्राभोवती हळूहळू फिरत राहते. हा वेग पूर्व-पश्चिमेला शून्य, याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) जास्त आणि खस्वस्तिकाजवळ (थेट डोक्यावरच्या बिंदूजवळ) फारच जास्त असतो. रत्नागिरीहून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे 25 अंश उंचीवर येतो, तेव्हा क्षेत्र मिनिटाला जवळजवळ पाव अंश फिरते. दहा-पंधरा सेकंदांची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र केल्यास हा दोष बराच सावरता येतो. दीर्घ उद्भासनासाठी (एक्स्पोजरसाठी) मात्र विषुववृत्तीय बैठकच हवी.

कोकणात खरी अडचण अक्षांशाची आहे. विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवाक्ष, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर असणारा अक्ष, ध्रुवताऱ्याच्या आधाराने जुळवतात. ध्रुवतारा मालवणहून सुमारे 16 अंश, तर अलिबागहून सुमारे साडेअठरा अंश उंचीवर दिसतो, आणि दमट हवा व माडांच्या रांगा त्याला अनेकदा झाकून टाकतात. अशा वेळी अक्ष जुळवण्यासाठी ताऱ्याचे सरकणे मोजण्याची पद्धत किंवा कॅमेऱ्याच्या साहाय्याने होणारी जुळवणी उपयोगी पडते. शिवाय ध्रुवाक्ष इतका आडवा झुकला की काही बैठकांचे प्रतिवजन (नळीचा तोल सांभाळणारे वजन) तिपाईच्या पायाला अडते, आणि पाचरीवर तिरक्या बसवलेल्या काटा-बैठकीचा (नळीला काट्यासारख्या बाहूंत धरणाऱ्या बैठकीचा) सगळा भार एकीकडे लोंबकळतो. म्हणून क्षितिजीय आणि विषुववृत्तीय अशा दोन्ही पद्धतींत चालणारी बहुउपयोगी बैठक घेतानाही ती किती अंशांपर्यंत खाली उतरते हे आधी पाहावे.

निर्मात्याने सांगितलेल्या वजनक्षमतेच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश भारापर्यंतच छायाचित्रण करावे, असा हौशी निरीक्षकांचा संकेत आहे. समुद्रकाठी वारा असल्यामुळे निम्म्याकडेच झुकणे बरे.

पुळणीत तिपाईचे पाय रुततात. त्यापेक्षा कातळसडा कितीतरी भक्कम. खाऱ्या हवेत उघडे स्क्रू आणि दातेरी चक्रे गंजतात, म्हणून प्रत्येक रात्रीनंतर बैठक कोरड्या फडक्याने पुसून बंद पेटीत ठेवावी. घराच्या खळ्यातून उत्तर दिशा मोकळी दिसत असेल, तर जांभ्या चिऱ्यांचा पक्का खांब बांधून त्यावर बैठकीचा माथा कायम बसवता येतो. पावसाळ्यापूर्वी माथा काढून घरात आणला आणि खांब तेवढा झाकला की दिवाळीनंतर जुळवणीत थोडीच दुरुस्ती करावी लागते.