दाराची पांढरी भुकटी आणि प्रकाशाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दक्षिणेकडे तोंड असलेली दारं काही उन्हाळ्यांनंतर हाताला ओळखू येतात. पांढऱ्या ऑइलपेंटवर हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते. उत्तरेच्या दाराला त्याच डब्यातला रंग, पण हात स्वच्छ राहतो. ‘तपनीनं रंग खाल्ला’, असं म्हातारी माणसं म्हणतात. ते खरंच आहे, फक्त खाणाऱ्यांपैकी एक जण रंगातच बसलेला असतो.

रंगाला पांढरेपणा देतो टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या कणावर अतिनील किरण पडला की आतला इलेक्ट्रॉन उसळून वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन यांच्या संगतीनं तिथे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. ते रंग धरून ठेवणारी राळ तोडतात आणि उघडे पडलेले कण भुकटी होऊन हाताला लागतात. म्हणूनच कंपन्या या कणांवर सिलिका-अॅल्युमिनाचं पातळ कवच चढवतात. कवच नसलेला कण पाण्यात टाकला, तर तो कीटकनाशकाचे रेणूही तोडू शकतो. फवारणीचा पंप धुतल्यावर जे पाणी बांधावर ओततात, त्याचा विचार करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट महत्त्वाची वाटावी.

अडचण एकच. पाणी शुद्धीकरणासाठी जास्त वापरल्या जाणाऱ्या अॅनाटेज या टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रकाराला जागं करायला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत असा अतिनील भाग जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, पण या कणाला त्या उष्णतेचं काही देणंघेणं नाही. त्याला हवा पुरेसा ताकदवान फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी या पदार्थात नायट्रोजन मिसळून दाखवला. पावडर पिवळसर झाली, म्हणजे निळा प्रकाशही शोषू लागली.

पण शोषणं वेगळं आणि राबणं वेगळं. गाय वैरण किती खाते यावरून आपण दूध मोजत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल अशी दाखवली ती जर्मन शास्त्रज्ञ एंगलमन यांनी, १८८२ मध्ये. शेवाळाच्या एका धाग्यावर त्यांनी लोलकातून निघालेला रंगपट्टा पाडला आणि भोवती ऑक्सिजनकडे धावणारे जीवाणू सोडले. जीवाणू तांबड्या आणि निळ्या भागाजवळ गोळा झाले, हिरव्याजवळ विरळ राहिले. शेवाळ कोणत्या प्रकाशात काम करतं, हे जीवाणूंच्या गर्दीनं सांगितलं. मला हा प्रयोग विज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

आज जीवाणूंऐवजी उपकरणं असतात. दिव्याच्या प्रकाशातून एका वेळी एकच अरुंद पट्टा निवडायचा, तो पावडरीच्या मिश्रणावर पाडायचा आणि किती रेणू तुटले ते मोजायचं. मग पुढचा पट्टा. मात्र सगळ्या पट्ट्यांना सारखेच वॅट देऊन भागत नाही. ६२० नॅनोमीटरच्या तांबड्या फोटॉनमध्ये ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनपेक्षा कमी ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये तांबडे फोटॉन सुमारे १.७ पट जास्त येतात. म्हणून तुटलेल्या रेणूंच्या संख्येला भागायचं ते फोटॉनच्या संख्येनं. असा आलेख काढल्यावर नायट्रोजनवाल्या पावडरीचं खरं रूप दिसलं: निळ्या प्रकाशात ती काम करते, पण दर फोटॉनमागे अतिनीलपेक्षा कमी.

सगळ्यात मोठा सापळा मात्र चाचणीच्या रंगद्रव्याचा. मिथिलीन ब्लूचं पाणी निळ्याचं पांढरं झालं की पावडर दृश्य प्रकाशात चालली, असं अनेकदा लिहिलं जातं. पण मिथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश जोरात शोषतं. शोषल्यावर त्याचा इलेक्ट्रॉन कणाकडे जातो आणि रंगद्रव्य स्वतःच मोडू लागतं. पावडर नुसती आधाराला असते. कधी तर ते मोडतही नाही, इलेक्ट्रॉन घेऊन बेरंग होतं आणि हवा लागली की परत निळं! कोणत्या प्रकाशात किती काम झालं याचा आलेख रंगद्रव्याच्या शोषणाच्या आलेखावर तंतोतंत बसला, तर पावडरीला श्रेय देण्याआधी थांबावं. त्यापेक्षा अॅसेटिक आम्लासारखा बेरंग पदार्थ घ्यावा आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजावा. असं आम्ल दृश्य प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे तिथे जे काम झालं ते पावडरीचंच.