चिखल्या, झडपा आणि हत्तीपाय

पूर्व विदर्भातल्या आमच्या भागात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की दरवर्षी तोच संवाद ऐकू येतो. आशाताई वय विचारून गोळ्या हातावर ठेवते आणि समोरचा म्हणतो, "माया पाय कुठी सुजला? ज्याचा सुजला त्याले द्या." ऐकायला बिनतोड. पण या रोगात गणित नेमकं उलटं आहे. ज्यांचा पाय हत्तीसारखा झालाय, त्यांच्या रक्तात जंताची पिल्लं बहुतेक वेळा सापडतच नाहीत. ज्यांच्या रक्तात ती हजारोंनी वळवळत असतात, ते सडपातळ पायांनी सायकल मारत बाजाराला जातात.

जंताचं नाव वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. भारतात बहुतांश हत्तीरोग याचाच. नाली, सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. डासानेच तो पसरतो, हा धागा पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पकडला. मलेरियाचा डास उजेडात यायला तेव्हा वीस वर्षं बाकी होती. जंताच्या पिल्लांना म्हणतात मायक्रोफायलेरिया. दिवसा ती फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण दहा ते दोनच्या दरम्यान कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण हा डास चावतो रात्री. म्हणून तर आरोग्य कर्मचारी रात्री दारं ठोठावून बोटातून रक्त घेतात. तो ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी पिल्लू दिसत नाही, दिसतात एका जागी धक्काबुक्की करणाऱ्या तांबड्या पेशी. मग त्यांच्यामधून काचेचा दोरा फटकारावा तसं ते सळसळतं.

पण पिल्लांनी पाय सुजत नाही. त्यासाठी मोठ्या जंताकडे आणि आधी आपल्या अंगातल्या एका दुर्लक्षित व्यवस्थेकडे जायला हवं. माझं तिच्यावर जरा जास्तच प्रेम आहे, सांभाळून घ्या.

रक्त केशवाहिन्यांतून जाताना त्यातलं थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं बाहेर पाझरतात. हे पाझरलेलं पाणी, म्हणजे लसिका, गोळा करून परत रक्तात आणून सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. दिवसाकाठी दोन-तीन लिटरचा हा कारभार. आता अडचण बघा. घोट्यातलं पाणी मानेच्या बुडापर्यंत चढवायचंय आणि या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. मग पाणी चढतं कसं? पायऱ्यांच्या विहिरीत बायका रांगेने उभ्या राहून घागर हातोहात वर देतात ना, तसं. लसिकावाहिनीत थोड्या थोड्या अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा स्वतःच्या स्नायूने आवळतो आणि आपलं पाणी वरच्या तुकड्याच्या हवाली करतो. तो आवळला की त्याच्या वरचा. एकदा वर गेलेली घागर खाली परत घ्यायची नाही, हा नियम झडपा पाळतात. चालताना पोटऱ्या दाबल्या जातात, त्याचीही मदत होते.

या रांगेतच मोठे जंत बिऱ्हाड करतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, शिवायच्या दोऱ्याएवढी, नर तिच्या निम्मा. पाच-सात वर्षं ते तिथे नांदतात. "जंत अडकले, नाली तुंबली, पाणी साचलं" हे स्पष्टीकरण आपण सगळ्यांनी ऐकलंय, मीही बरीच वर्षं तेच सांगत होतो. सोनोग्राफीने ते खोटं पाडलं. पडद्यावर जिवंत जंत एकाच जागी अखंड वळवळताना दिसतात, डॉक्टर त्याला फायलेरियाचा नाचच म्हणतात. आणि त्यांच्याभोवतीची वाहिनी तुंबलेली नसते, ऐसपैस फुगलेली असते. काही त्रास नसलेल्या माणसातसुद्धा. जिवंत जंताच्या सहवासात वाहिनी रुंदावत जाते. दाराची चौकट रुंदावली आणि फळ्या तेवढ्याच राहिल्या, तर दार मिटेल का? झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, वर दिलेली घागर खाली येते आणि पाय संध्याकाळी जड वाटू लागतो.

इतका मोठा पाहुणा अंगात असून शरीर गप्प का? कारण तो पहारेकऱ्यांना झोपवतो. जंताच्या स्रावांमुळे नियामक टी-पेशी, म्हणजे शरीराची लढाई आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढतात, आयएल-१० नावाचा शांत करणारा संदेश वाढतो, प्रतिपिंडंही (अँटिबॉडी) आयजीजी-४ या मवाळ जातीची जास्त बनतात. जंत मेला की हा बंदोबस्त उठतो. शिवाय त्याच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, ज्यांच्यावाचून जंताला पिल्लं होत नाहीत. तेही फुटून बाहेर पडतात आणि मग जळजळ, गाठी, ताप. (डॉक्सिसायक्लिन चार-सहा आठवडे दिलं तर वोल्बाकिया मरतात आणि जंत वांझ होतो. जंताला नमवायला त्याच्या भाडेकरूला मारायचं, ही युक्ती मला फार आवडते.) पुरुषांत जंतांची लाडकी जागा अंडकोषाजवळची, म्हणून अंडवृद्धी हत्तीपायापेक्षा जास्त आढळते. ती शस्त्रक्रियेने बरी होते, पण लोक लाजेने अंगावर काढतात.

तरीही पायाचा हत्ती होतो तो चिखल्यांमुळे. माझी मावशी धानाच्या रोवणीला महिना-महिना बांधीत उभी असायची. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटायच्या. धडधाकट पायात अशा भेगेतून शिरलेले जिवाणू लसिका वाहून नेते आणि वाटेतल्या लसिकागाठीत त्यांचा निकाल लागतो. मावशीच्या पायात पाणी साचलेलं, जिवाणूंना रान मोकळं. हुडहुडी भरून ताप, पाय लालबुंद, जांघेत अवधाण. दर झटक्याने कातडीखाली तंतू वाढतात, कातडी जाड होते, घड्या पडतात, घड्यांत आणखी भेगा.

अमावस्या-पौर्णिमेला पाय चढतो, असं मावशी मानायची. चंद्राचा संबंध नाही, चिखलाचा आहे. शेजारणीने बिब्बा लावायला सांगितला, त्याने कातडी भाजली आणि जिवाणूंना नवी दारं उघडली. मग एका नर्सताईने तिला रोजचा पाठ दिला. संध्याकाळी साबण-पाण्याने पाय धुवायचा, घड्या बोटाने उघडून. जुन्या धोतराची चिंधी बेचक्यांतून फिरवून कोरडं करायचं, चिखल्यांवर मलम, मग पाय उशीवर. पाय पूर्ववत झाला नाही, पण वर्षाला पाच-सहा वेळा येणारा ताप एकावर आला.

सुश्रुतसंहितेत हा रोग ‘श्लीपद’ म्हणून येतो. जिथे जुनं पाणी साचलेलं असतं आणि हवा सदा थंड, अशा प्रदेशांत तो विशेष होतो, असं तिथे म्हटलंय. निरीक्षण अव्वल. पण त्यावरून "आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं" असे मेसेज फिरतात तेव्हा हसू येतं. त्यात डासाचा पत्ता नाही आणि जंताचाही नाही.

आता गोळीकडे. डीईसी हे औषध मुख्यतः पिल्लांना मारतं, मोठे जंत बरेचसे टिकून राहतात, म्हणून ती दरवर्षी घ्यायची. डासाला पिल्लंच मिळाली नाहीत तर तो पुढे नेणार काय? गेल्या मोहिमेत असाच सडपातळ पायांचा एक सायकलवाला शेजारी आशाताईच्या आग्रहाने गोळ्या गिळून मोकळा झाला आणि रात्री तापाने फणफणला. सकाळी गल्लीभर झालं, गोळीनं माणूस आजारी पाडला. पण ज्याच्या रक्तात काही नाही त्याला हा ताप सहसा येत नाही. तो येतो पिल्लं एकदम मेल्यामुळे, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. आख्ख्या गल्लीत गोळीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती.