नव्या पिकअपमधील गिअर ऑईलची लेव्हल तपासणी

नवी पिकअप मालवाहतुकीला लावण्यापूर्वी आणि पुन्हा पहिल्या सर्व्हिसच्या वेळी गिअरबॉक्स व मागच्या अ‍ॅक्सलचे हौसिंग (बाहेरची धातूची पेटी) यांतील ऑईल पुरेसे आहे का, हे पाहण्याचे काम. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) आणि पुढचे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) हीदेखील तपासावी लागतात.

नाशिक जिल्ह्यात पिकअप ही शेतमालाची गाडी आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षे, पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो, लासलगावचा कांदा तिच्यातूनही हलतो. मुंबईकडे भरून निघालेली गाडी कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरते, तेव्हा इंजिन तिचा वेग आवरते आणि तो ताण गिअरच्या व क्राऊन-पिनियनच्या (मागच्या हौसिंगमधील, चाकांकडे ताकद वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीच्या) दातांवरून जातो. त्या दातांमध्ये ऑईलचा पातळ थर असतो. तो तुटला की धातू धातूला घासतो.

इंजिन ऑईल चालताना थोडे जळते, गिअर ऑईल जळत नाही. त्यामुळे लेव्हल उतरलेली दिसली तर दोनच शक्यता उरतात: ऑईल मुळात कमी भरले गेले किंवा कुठून तरी पाझरते आहे. अशा वेळी वरून भर घालून गाडी सोडून देणे चुकीचे आहे. प्लग, पिनियनचे सील आणि हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) सील आधी पाहायला हवेत. बहुतेक पिकअपमध्ये यासाठी डॅशबोर्डवर दिवा नसतो, हौसिंगला डिपस्टिकही नसते. कारखान्यात ऑईल मोजून भरतात हे खरे, पण सैल राहिलेला प्लग किंवा नीट न बसलेले सील गाडी रस्त्यावर आल्यावरच उघडे पडते.

गाडी सपाट जागी, समपातळीत हवी. फक्त मागची बाजू जॅकवर उचलली तर ऑईल पुढे सरकते आणि लेव्हल खोटी दिसते. गाडी नुकतीच चालून आली असेल तर ऑईल खाली बसू द्यावे. हौसिंगच्या बाजूचा, भरण्याचा प्लग आधी पुसून मगच खोलावा, नाहीतर धूळ आत जाते. तळाच्या ड्रेन प्लगला हात लावू नये. ऑईल सामान्यतः छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असते आणि वाकवलेल्या बोटाला लागते. काही गाड्यांत ते थोडे खाली ठेवतात, म्हणून मॅन्युअलमधले मापच धरावे. चुंबकी प्लगवर करडी बारीक पेस्ट दिसणे नव्या गाडीत स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे मात्र नकोत, आणि दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले.

जास्त भरणेही घातक आहे. ऑईलला फेस येतो, दाब वाढतो, आणि हबच्या सीलमधून ते ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचले तर घाटात मागचे ब्रेक नीट लागत नाहीत.

ग्रेडही पाहावा लागतो. हायपॉइड (दात एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या) क्राऊन-पिनियनला सहसा जीएल-५ ऑईल लागते (जीएल हे गिअर ऑईलच्या दर्जाचे वर्ग आहेत); अनेक मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते, कारण काही जीएल-५ ऑईलमधील गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना बाधतात.

वॉरंटीतील गाडीचा प्लग घरी न खोलता सर्व्हिस सेंटरच्या लिफ्टवर, स्वतः उभे राहून तपासून घेणे उत्तम. तिथे प्लगचा वॉशरही नवा पडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ही बोटाची रीत लागू नाही: त्यातील लेव्हल बहुधा इंजिन चालू ठेवून, ऑईल ठरावीक तापमानाला आल्यावर पाहतात.