थंड इंजिन आणि कोरडं इंजिन: सकाळची झीज नेमकी कशाने होते?

कोकणात थंडी पडते कुठे, मग कोल्ड स्टार्टची, म्हणजे थंड इंजिन सुरू करण्याची, चिंता कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तीच मंडळी रोज सकाळी गाडी अंगणात दहा मिनिटं चालू ठेवतात, कारण रात्रभरात ऑइल खाली उतरून इंजिन कोरडं पडतं अशी त्यांची खात्री असते. मामा भाच्याला सांगतो, “रे, धा मिनटां चालू ठेव, मगे भायर काढ.” सांगण्यात माया आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. थंड इंजिन सुरू करणं वेगळं, कोरडं इंजिन सुरू करणं वेगळं. झीज दोन्हींत होते, पण कारणं निराळी आणि उपाय तर बरेचसे उलटे. साधी गाडी हे काही वर्षं सोसून घेते. टर्बो (एक्झॉस्टच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) असलेली पेट्रोल किंवा वरच्या आरपीएमला पळणारी गाडी बाळगणाऱ्याला मात्र हा फरक कळायलाच हवा.

रोजचा प्रश्न थंड इंजिनाचा आहे. आपल्याला थंडी वाजते की नाही, याच्याशी इंजिनाला काही देणंघेणं नाही. ऑइलचं काम नीट चालतं ते साधारण ९०-१०० अंशांना. त्यामुळे जानेवारीतली पहाटेची वीस अंशांची हवा असो की मे महिन्यातली तीस अंशांची, इंजिनाच्या हिशेबाने दोन्ही थंडच. ५डब्ल्यू-३० या ग्रेडचं (जाडीच्या वर्गाचं) ऑइल शंभर अंशांना जितकं पातळ असतं, त्याच्या दहापटीहून जास्त जाड ते आपल्याकडच्या सकाळी असतं.

जाड ऑइलमुळे एक फसवा प्रकार होतो. ज्यांच्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा आहे त्यांना सकाळी प्रेशर भरपूर दिसतं आणि समाधान वाटतं. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. ऑइल जाड असताना पंप जोर लावतो, प्रेशर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादाचं ऑइल बेअरिंगपर्यंत न जाता मागे फिरतं. काटा वर, पण क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगमधून वाहणारं ऑइल कमी. अशा वेळी रेस दिली तर भार वाढतो, पुरवठा त्या मानाने वाढत नाही.

शिवाय थंड इंजिनाला कॉम्प्युटर जादा पेट्रोल देतो. त्यातलं काही न जळता बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या पोकळीच्या, भिंतीला लागतं, तिथला ऑइलचा थर धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पिस्टन ॲल्युमिनियमचे, ते अजून पुरते फुगलेले नसतात, म्हणून बोअरमध्ये किंचित सैल हलतात. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन असतील तर ही फट आणखी मोठी, आणि पहिली काही मिनिटं त्याचा आवाजही येतो. ऑइलमधली झीजरोधक जस्त-फॉस्फरसची रसायनं धातूवर आपला संरक्षक थर चढवतात, पण त्यासाठी त्यांना उष्णता लागते. म्हणजे थंड असताना सगळंच थोडं थोडं अपुरं असतं. कोरडं मात्र काहीच नसतं.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ या गाडीत याचं उत्तर थेट डॅशबोर्डवर दिलेलं होतं. तिच्या आरपीएम मीटरच्या कडेला दिव्यांची रांग आहे. ऑइल तापत जाईल तसे दिवे एकेक करून विझतात आणि वापरता येणारी मर्यादा वर सरकते. त्या इंजिनासाठी १०डब्ल्यू-६० ऑइल ठरवलेलं होतं, म्हणजे गरम असताना दणकट आणि सकाळी बरंच जाड. असं ऑइल असलेल्या इंजिनाला धीर धरूनच तापवावं लागतं.

आपल्याकडे तसे दिवे सहसा नसतात. असतो तो कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) काटा, आणि तो लवकर मध्यावर येतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटांचं नीट ड्रायव्हिंग तरी हवं. काही गाड्यांच्या स्क्रीनवर ऑइलचं तापमान दिसतं. ती सोय असेल तर तोच आकडा बघायची सवय लावा.

आता कोरडं इंजिन. पंप बंद झाला की वरचं ऑइल इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं हे खरं. पण उतरतं ते वाहतं ऑइल. बेअरिंगच्या बारीक फटीत, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर, बोअरच्या भिंतीवर पातळ थर चिकटून राहतो, आणि एका रात्रीत तो नाहीसा होत नाही. शिवाय फिरवून बसवायच्या बहुतेक ऑइल फिल्टरांत एक रबरी झडप असते, तिच्यामुळे फिल्टर भरलेला राहतो. जुना फिल्टर कापून पाहिला तर ती हाताला लागते. चांगल्या फिल्टरमध्ये ती सिलिकॉनची, बहुधा नारिंगी आणि वापरानंतरही लवचीक असते. साध्या रबराची काळी झडप उष्णतेने कडक होते आणि मग ऑइल रोखत नाही. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइलचा लाल दिवा एक-दोन सेकंदांत विझत असेल तर तुमचं इंजिन कोरडं नव्हतं. दिवा रेंगाळत असेल आणि वरून टॅपेटची टकटक येत असेल, तर आधी ऑइलची पातळी बघा, मग फिल्टर.

खरा कोरडा स्टार्ट वर्षात एखाद-दोनदाच होतो. एक म्हणजे ऑइल आणि फिल्टर बदलल्यावरचा पहिला स्टार्ट, किंवा इंजिन उघडून बसवल्यानंतरचा. दुसरा आपल्याकडचा खास: गाडी गावच्या घरी ठेवून चाकरमानी मुंबईला जातो, पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी राहते आणि गणपतीला थेट चावी फिरते. तीन-चार महिन्यांत चिकटलेला थरही ओघळून जातो. त्यात समुद्राकडची दमट, खारी हवा. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्याच्या बोअरवर गंजाची पुसट रेघ येऊ शकते, आणि पहिल्या फेऱ्यांत रिंग त्यावरूनच घासत जाते. टर्बोचं तर आणखी नाजूक. मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेऊ शकणारा त्याचा शाफ्ट ऑइलच्या थरावरच तरंगत असतो, आणि थर नसताना रेस दिली तर नुकसान व्हायला काही सेकंदही पुरतात.

गोंधळाची किंमत उपायात मोजावी लागते. थंड इंजिनाला कोरडं समजून लोक उभ्या जागी तापवत बसतात. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, उष्णता फार थोडी निर्माण होते, त्यामुळे जादा पेट्रोलची ती अवस्था लांबते आणि बोअर धुतला जात राहतो. स्टार्ट करा, वीस-तीस सेकंद थांबा, आरपीएम खाली आला की निघा आणि हलक्या पायाने चालवा. इथे कोकणचा भूगोल मात्र आडवा येतो. बंदराजवळच्या घरातून निघालं की दोन-चार मिनिटांतच घाटी चढून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) जावं लागतं, म्हणजे थंड इंजिनावर सगळ्यात मोठा भार. अशा चढावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पाय दाबून गाडी ओढू नका. बेअरिंगला आणि टर्बोला तेच सगळ्यात जड जातं. खालचा गिअर घ्या, अडीच हजाराच्या आसपास ठेवा, पाय हलका ठेवा, मागचा हॉर्न वाजवत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे कोरडेपणावर उपाय म्हणून २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल घालणं, ‘चिकटून राहील’ म्हणून. रोजचा स्टार्ट कोरडा नाही, थंड आहे, आणि त्या वेळी तेच ऑइल ५डब्ल्यू-३०च्या दुपटीहून जाड असतं. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड आणि कंपनीचं स्पेसिफिकेशन यांच्याबाहेर जायचं कारण नाही. उलट बाजूने, ५डब्ल्यू ऐवजी ०डब्ल्यू घेतलं म्हणून आपल्याकडे फार फरक पडेल असंही नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा शून्याखालच्या तीस-पस्तीस अंशांच्या चाचण्यांवरून ठरतो, आणि ती थंडी सह्याद्रीच्या या बाजूला कुणी पाहिलेली नाही.

उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवणं हाही घातक उपाय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. इंजिन पुरतं तापलं नाही तर त्यातला काही भाग आतच पाणी होऊन साचतो. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा: आतल्या बाजूला पांढरट, सायीसारखा थर दिसेल. ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. फिरवायचीच तर गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवा, नाहीतर जूनमध्ये ताजं ऑइल घालून, बॅटरी सोडवून, हवा खेळेल अशा जागी स्वस्थ उभी करा.

आणि गणपतीला आल्यावर घाई करू नका. डिपस्टिक बघा. मग इंजिन न पेटवता सेल्फ फिरवायचा, म्हणजे पंप ऑइल वर चढवेल. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की सेल्फ फिरताना पेट्रोल बंद राहतं. तुमच्या गाडीत ती सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये पाहा, नसेल तर मेकॅनिककडून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून घ्या. आठ-दहा सेकंद फिरवा, सेल्फला थोडी विश्रांती द्या, पुन्हा फिरवा. ऑइलचा लाल दिवा विझला की मगच इंजिन पेटवा आणि अर्धा मिनिट रेस न देता राहू द्या. इथवर कोरडेपणाचा उपाय झाला. यापुढे तेच इंजिन नेहमीसारखं थंड इंजिन आहे, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं हलक्या पायाने चालवा, आणि आरती गाठायची घाई असेल तर त्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीतून जा.